वसईचा कातळ आणि फ्लॉरेन्सचा संगमरवर

जव्हार-मोखाड्याच्या घाटात रस्ता फोडताना निघणारा काळा कातळ आपल्या नित्याच्या पाहण्यातला. सुरुंग लावल्याशिवाय हलायचा नाही. याच जातीचा कातळ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वसईहून जुन्या गोव्यास नेला गेला आणि तेथील बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भिंतीवर चढला. गोव्याचा दगड म्हणजे जांभा. बांधायला सोयीचा खरा, पण छिद्रे फार. बारीक नक्षी त्यात उठत नाही. म्हणून खांब, कंगोरे आणि वेलबुट्टी काळ्या दगडात कोरली. आता एवढा खटाटोप कोणाच्या पैशाने झाला, आणि कशासाठी? युरोपातील त्या काळची कला समजून घ्यायची, तर चित्र कसे आहे हे विचारण्याआधी ते कोणी करवून घेतले, हे विचारावे लागते.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तेव्हा मधोमध पालघट देवी बसायलाच हवी, कारण लग्नाचे काम देवीचे. 1970 नंतर दिल्ली-मुंबईचे लोक हीच चित्रे विकत मागू लागले. मग गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या कागदावर मासळीची जाळी आली, शेते आली. सवाशिणींचे काम पुरुषही करू लागले. मागणारा बदलला आणि चित्रही बदलले. बरे झाले की वाईट, यावर वाद घालता येईल. पण बदलले एवढे खरे.

इटलीत नेमके असेच घडले. 1520 साली राफाएल वारला. त्याच्या पिढीने चित्रातले प्रमाण, तोल आणि शांतपणा कळसाला नेला होता. पुढच्या चित्रकारांनी करावे काय? त्यांनी माना लांबवल्या, अंगे पिळली, रंग अनपेक्षित घेतले. ही ढब दरबारच्या जाणत्यांसाठी होती. इटालियन भाषेत ढबेला ‘मानिएरा’ म्हणतात, त्यावरून या शैलीचे नाव मॅनेरिझम. सामान्य भाविकाला मात्र त्यातून फारसे काही कळत नसे. इकडे मार्टिन ल्यूथरच्या बंडाने रोमच्या धर्मपीठाला हादरे बसले होते. ट्रेंट येथे 1545 ते 1563 या काळात धर्मपरिषद भरली आणि तिने चित्रमूर्तींबाबत सांगितले, की त्यांनी लोकांना शिकवावे आणि भक्तीला प्रवृत्त करावे. यातून जी भव्य, हलती, डोळ्यांत भरणारी कला पुढे आली, तिला बरोक म्हणतात.

पण धर्मासाठी म्हणून बांधणारा आपले नाव विसरतो असे समजू नका! रोममधील इल जेझू हे जेझुइट पंथाचे मुख्य चर्च. त्याचा खर्च कार्डिनल आलेस्सांद्रो फार्नेझे यांनी उचलला. 1568 साली त्यांनी वास्तुविशारद विन्योला यांना कळवले, की मध्ये एकच मोठे दालन हवे आणि छत कमानीचे हवे. तसेच झाले. दर्शनी भिंतीवर कार्डिनलसाहेबांचे नाव ठसठशीत अक्षरांत आजही वाचता येते.

गोव्याचे बॉम जेझस याच पंथाचे. 1594 साली काम सुरू झाले आणि 1605 साली चर्चची प्रतिष्ठापना झाली. मुख्य पैसा दों जेरोनिमु मास्कारेन्हस यांचा. हे कोचीनचे कप्तान. 1593 साली वारताना त्यांनी ही तरतूद करून ठेवली. त्यांचे स्मारक चर्चच्या आत भिंतीवर आहे. बाहेरची भिंत पाहा: खाली तीन दारे, वर तीन लांबट खिडक्या, त्यांवर तीन गोल खिडक्या, अगदी वर येशूच्या नावाची आद्याक्षरे. सारे कसे शिस्तीत. आत शिरलात की मात्र सोनेरी वेदी अंगावर येते. तिच्यात संत इग्नेशियसची भलीमोठी मूर्ती आणि तिच्यापुढे बाळयेशू अगदी लहान! पंथाला आपला संस्थापक किती थोर वाटत होता, हे सांगायला वेगळा ग्रंथ नको.

संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह याच चर्चमध्ये आहे. त्यांची चांदीची पेटी 1636-37 मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. पेटीच्या खालचा रंगीत संगमरवरी चौथरा मात्र इटलीतून आला. फ्लॉरेन्सचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याला संतांच्या मस्तकाखालची उशी भेट मिळाली, तिची ही परतभेट असे सांगतात. शिल्पकार फोजिनी. मेदिची घराण्याने रंगीत दगडांच्या जडावकामाची दरबारी कार्यशाळा 1588 पासून चालवली होती. ती कीर्ती या भेटीबरोबर समुद्रापार गेली, हा हिशेब त्यात नसेल कसा? 1698 साली सुटे भाग जहाजाने आले आणि फ्लॉरेन्सहून पाठवलेल्या रांपोनी नावाच्या कारागिराने ते जागेवर बसवले.

मला स्वतःला खालच्या संगमरवरापेक्षा वरची पेटी अधिक बोलकी वाटते. ड्यूकचे, शिल्पकाराचे, बसवणाऱ्याचेसुद्धा नाव आपण घेतो; पेटी करणारे मात्र ग्रंथांतून ‘गोव्याचे सोनार’ एवढेच. 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्ती-चित्रे बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असे फर्मावले होते. आता, असे फर्मान काढावे लागते ते काम चालू असते म्हणूनच ना! वसईचा कातळ कोरणाऱ्या पाथरवटांचीही तीच गत.

1737 साली मेदिची घराण्याचा पुरुषवंश खुंटला. दोनच वर्षांनी, 1739 मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तेथील चर्चच्या घंटा मराठी देवळांत पोचल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यांपैकीच मानतात. गुरुजी, शाळेची सहल त्र्यंबकमार्गे नाशकात गेली, तर मुलांना तिच्यावरचे साल शोधायला लावा. ते आहे 1721.