चार्जिंगचा दिवा विझतो कसा?

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा तांबडा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. रोजचंच दृश्य, त्यामुळे तो विझवतं कोण हा प्रश्न आपल्याला पडत नाही. जुन्या जीपा, ट्रॅक्टर, साध्या डिझेल गाड्या घेतल्या तर उत्तर फार सुंदर आहे: कुणीच नाही! तिथे ना स्विच आहे, ना रिले, ना चिप. दोन-तीन वॉटचा एक बल्ब, त्याची एक वायर इग्निशन स्विचकडून आलेली आणि दुसरी थेट अल्टरनेटरच्या डी प्लस या टर्मिनलला गेलेली. एवढ्यावर काम भागतं.

इंजिन बंद असताना बॅटरीतला करंट स्विचमधून बल्बमध्ये येतो, तिथून अल्टरनेटरच्या कार्बन ब्रशमधून रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, गुंडाळीत शिरतो आणि बॉडी अर्थवरून परत बॅटरीकडे जातो. वाट पूर्ण झाली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर साधारण 14 व्होल्ट तयार करतो. ते बॅटरीकडे जातात, बॅटरीवरून इग्निशन स्विचमार्गे बल्बच्या एका टोकाला पोचतात. दुसरीकडे डी प्लसवरही तेवढेच व्होल्ट आलेले असतात. एकाच दाराला दोघांनी दोन्ही बाजूंनी सारख्या जोराने रेटावं, तशी गत होते. विझलेल्या बल्बच्या दोन्ही टोकांवर 14-14 व्होल्ट उभे असतात. फरक शून्य, म्हणून करंट शून्य.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. हा दिवा अल्टरनेटरवर नुसती नजर ठेवत नाही, त्याला जागंही करतो. वीज तयार व्हायची तर आधी रोटर चुंबक व्हायला हवा. 1866 मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स यांनी डायनॅमोच्या लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावरच यंत्र स्वतःला चालना देऊ शकतं, हे दाखवलं. अल्टरनेटरमध्ये मात्र करंटच्या वाटेत डायोड असतात, एका वेळी दोन, आणि ते दोन्ही मिळून सुमारे 1.4 व्होल्ट ओलांडल्याशिवाय करंट पुढे जाऊ देत नाहीत. कमी वेगात उरलंसुरलं चुंबकत्व तेवढा जोर लावू शकत नाही. ती कमतरता भरून काढतो बल्बमधून रोटरला मिळणारा पाव अँपिअरच्या आसपासचा करंट.

म्हणून अशा गाडीत तो बल्ब उडाला, तर अल्टरनेटर शाबूत असूनही चार्जिंग सुरू होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावरच सुरू होतं. डॅशबोर्ड शांत आणि बॅटरी उतरत चाललेली. त्या जागी हौसेने एलईडी लावला तरी हेच होऊ शकतं, कारण त्यातून जाणारा करंट फारच थोडा. दिवा पेटल्यावर घाबरणारे सगळेच असतात. पण चावी फिरवल्यावर तो पेटला नाही तरी तितकंच घाबरायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बिघाड शोधताना डी प्लसची ती एकच वायर दोन्ही टोकांची साक्ष देते. चावी चालू, इंजिन बंद, दिवा लागत नाही? वायर अल्टरनेटरवरून काढून इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक, दोष आत आहे: झिजलेले ब्रश, खराब स्लिप रिंग, तुटलेला रोटर किंवा रेग्युलेटर. लागला नाही तर बल्ब, फ्यूज किंवा वाटेतला कपलर तपासा. उलट, दिवा विझतच नसेल तर आधी फॅन बेल्ट पाहा. तो ठीक असेल तर इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून तीच वायर मोकळी लोंबकळत सोडा. तरीही दिवा पेटलेला असेल तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. नव्या गाड्यांत हा दिवा बहुधा कॉम्प्युटर लावतो, तिथे हा प्रयोग करू नये. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जी सवय अजून दिसते, ती कोणत्याच गाडीत नको. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि चांगले डायोड जातात.

सगळ्यात चकवणारा बिघाड म्हणजे मंद दिवा. दिवसा काही दिसत नाही, रात्री मात्र बल्बची तार निखाऱ्यासारखी लालसर दिसते. म्हणजे दोन टोकांत दोनेक व्होल्टचा फरक पडला आहे. कुठल्या बाजूला, ते मीटर सांगतो. डी प्लसवरचे व्होल्ट बॅटरीपेक्षा कमी भरले तर डी प्लसला करंट देणाऱ्या आतल्या छोट्या डायोडांवर संशय घ्यावा. तिथे 14 व्होल्ट आहेत, पण डॅशबोर्डकडच्या टोकाला 12 च पोचताहेत, तर इग्निशन स्विचमध्ये किंवा फ्यूजबॉक्समध्ये व्होल्ट गळताहेत. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीचा फ्यूजबॉक्स उघडला की टर्मिनलवर हिरवट थर दिसतो, बरेचदा या गळतीचं कारण तोच. रात्री हेडलाइट लावले की त्या थरातून जास्त करंट ओढला जातो आणि गळती वाढते. म्हणजे दिवा रात्री नुसता अंधारामुळे दिसत नाही, रात्री तो खरोखर जास्त पेटलेला असतो.

आणि कधीतरी चावी खिशात असते, गाडी बंद असते, तरी दिवा मिणमिणत असतो. यात भुताटकी काही नाही. अल्टरनेटरमधला एखादा मुख्य डायोड शॉर्ट झालेला असतो. बॅटरीचा करंट त्या डायोडमधून आत घुसतो, डी प्लसवर येतो आणि बल्बमधून उलट्या दिशेने, डॅशबोर्डकडे वाहतो. तिथल्या बाकीच्या उपकरणांतून तो अर्थला जातो. बल्बच्या तारेला दिशेचं काही देणंघेणं नसतं, म्हणून ती पेटते. त्याच वेळी रोटरमधूनही बॅटरी रिकामी होत असते, तेव्हा त्या रात्री बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी आणि सकाळी अल्टरनेटर उघडून डायोड बदलावा.