रुग्णालयाच्या आवारातील झुडपे : बदल कशासाठी?

भिवंडी-वाडा मार्गावरील अंबाडी येथील आपल्या रुग्णालयात येणाऱ्यांच्या नजरेत यंदा आवारातील एक बदल भरेल. वॉर्डांच्या खिडक्या झाकणारे ड्युरांटाचे कुंपण आणि प्रवेशद्वाराजवळील पिवळी कण्हेर आम्ही मुळासकट काढली आहे. हिरवी झाडे का तोडली, असे काही हितचिंतकांनी विचारले. त्याचे उत्तर देणे आम्ही कर्तव्य समजतो.

चूक निवडीची होती. रोपे गुडघाभर असताना ती आम्हांस आवडली. पूर्ण वाढीची उंची विचारात घेतली नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातून आलेला ड्युरांटा मोकळा सोडल्यास माणसाच्या डोक्यावर जातो. त्यामुळे छाटणी कधी संपली नाही, वॉर्डातील उजेड व वारा मात्र अडला. बुंध्याशी साचलेल्या पाचोळ्यात उंदरांनी आसरा घेतला, आणि उंदरांमागे साप येतात. सर्पदंशावर उपचार करणाऱ्या संस्थेच्या दारी अशी अडचण असणे योग्य नव्हते. पिवळ्या कण्हेरीचे तर सर्वांग विषारी. तिची बी पोटात गेल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. रुग्णांसोबत आलेली मुले त्याच बिया खेळावयास वेचीत असत.

नवी झुडपे निवडताना आम्ही तीन प्रश्न विचारले : पूर्ण वाढल्यावर ते खिडकीखाली राहील काय? पावसाळ्यानंतरचे आठ कोरडे महिने थोड्या पाण्यावर काढील काय? मुलांना व गुरांना ते निर्धोक आहे काय?

त्यानुसार खिडक्यांखाली अबोली लावली. ती कमरेपेक्षा फारशी उंच होत नाही, अर्धवट सावली तिला मानवते आणि पावसाने भिजलेल्या बोंडांतून बी उडून ती आपोआप पसरते. कुंपणालगत निर्गुडी व अडुळसा आहेत. त्यांच्या कडू पाल्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. मागील खडकाळ उतारावर धायटी लावली असून ती सह्याद्रीच्या उघड्या डोंगरउतारांवर आपसूक वाढणारी आहे. भिंत व रोपे यांच्यात माणूस चालू शकेल एवढी जागा सोडली आहे, जेणेकरून पाचोळा नियमित झाडता येईल.

खड्डे मे महिन्यात खणून लागवड पहिल्या पावसानंतर केली. कमी देखभाल म्हणजे देखभालच नको, असे नव्हे. पहिले दोन उन्हाळे या रोपांना पाणी द्यावेच लागेल. मुळे खोल गेल्यावर ती आपला भार आपण वाहतील. छाटणीवरील वाचणारा खर्च रुग्णसेवेकडे वळवता येईल.

दोन विनंत्या आहेत. अडुळशाचा पाला औषधी असला, तरी वैद्यकीय सल्ल्याविना कोणी तो घेऊ नये. तसेच आप्तांच्या स्मृतिप्रीत्यर्थ रोप देऊ इच्छिणाऱ्यांनी आधी कार्यालयात विचारावे. दिलेले रोप वीस वर्षांनीही कापावे न लागता उभे राहावे, हीच आमची इच्छा आहे.