पोलाद ताणलं जात नाही, झिजतं

रोलेक्सचं डेटजस्ट हे घड्याळ १९४५ साली आलं ते ज्युबिली पट्ट्यासह. एका ओळीत पाच बारीक तुकडे, त्यामुळे मनगटावर रेशमासारखा बसतो. पण असा जुना पट्टा आडवा धरला की दोरीसारखा लोंबतो. लोक म्हणतात, ‘ताणला गेलाय.’ खरं तर पोलाद ताणलेलं नसतं. घाम आणि धूळ सांध्यात शिरून त्यांचा पॉलिश पेस्टसारखा लगदा होतो आणि तो पिना व कड्यांची भोकं रोज थोडी थोडी घासतो. समजा, प्रत्येक सांधा ०.१ मिलिमीटर झिजला, तर वीस सांध्यांत पट्टा २ मिलिमीटर लांबला!

नुसता सैल होत असेल तर क्लास्पच्या (पट्टा बंद करणाऱ्या भागाच्या) कडेच्या भोकांत स्प्रिंग बार (स्प्रिंगची बारीक दांडी) एक घर सरकवा किंवा एक कडी काढा. लोंबणं मात्र त्यानं जात नाही. त्यासाठी कुशल कारागीर पट्टा सुटा करतो, झिजलेली भोकं लेझर वेल्डिंगनं भरून पुन्हा पाडतो, नव्या पिना घालतो. काम खर्चिक आहे. पत्र्याच्या दुमडलेल्या पोकळ कड्यांवर तर फारच किचकट. अधूनमधून साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, एवढ्यानंही झीज मंदावते. फक्त पट्टा आधी घड्याळापासून सोडवून घ्या.