काकापो : न उडणारा पोपट

◆ ओळख : मूळचा फक्त न्यूझीलंडचा. जगातला उडता न येणारा एकमेव पोपट आणि वजनालाही सर्वांत भारी. नर ४ किलोपर्यंत भरतो. अंगावर शेवाळी हिरवा रंग, त्यावर काळपट-पिवळे ठिपके.

◆ दिनक्रम : दिवसा झाडोऱ्यात दडून बसतो. रात्री पाने, मुळे, बिया आणि फळे खात पायीच हिंडतो. झाडावर सराईतपणे चढतो. उतरताना पंख पसरून तोल सांभाळतो.

◆ वीण : रिमू वृक्षांना भरघोस फळे धरतात तेव्हाच, म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांतून एकदा. नर जमिनीत वाटीसारखा खळगा उकरतो, त्यात छाती फुगवून बसतो आणि रात्रभर घुमतो. हे घुमणे काही किलोमीटरवर ऐकू जाते. अंडी उबवणे, पिल्ले वाढवणे हे सारे एकट्या मादीकडे.

◆ घात कशाने झाला? : धोका जाणवला की जागीच थिजायचे, ही त्याची सवय. नजरेने सावज हेरणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुढे ती कामी येई. माणसाने आणलेली मांजरे आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) मात्र वासावर माग काढतात. त्यांच्यापुढे तीच सवय जिवावर बेतली.

◆ संवर्धन : १९९५ साली उरले होते अवघे ५१ पक्षी. शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर त्यांना हलवले. पाठीवर ट्रान्समीटर, घरट्यांवर पाळत, पूरक खाद्य असे उपाय केले. २०२२ साली संख्या २५२ झाली.

◆ सद्यस्थिती : आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत आजही ‘अतिसंकटग्रस्त’.