शेतमाल रेल्वेने पाठवताना: रेक, मालधक्का आणि क्विंटलमागचा खरा खर्च

खरीप तोंडावर आला की "खताचा रेक लागला" ही बातमी प्रत्येक तालुक्यात फिरते. रेक म्हणजे नेमके काय, तो कोण मागवतो आणि उशीर झाला तर पैसे कोण भरतो, याची माहिती मात्र फार थोड्या शेतकऱ्यांना असते. खत दुकानात पोहोचते तेव्हा रेल्वेचे काम आधीच संपलेले असते, त्यामुळे त्याची गरजही पडत नाही. आपलाच माल बाहेरच्या राज्यात पाठवायचा झाला की हीच साखळी उलटी चालते आणि तिच्यातल्या प्रत्येक कडीचा खर्च आपल्या पट्टीतून वजा होतो. लासलगावचा कांदा, सावदा-रावेरची केळी, सांगोल्याचे डाळिंब हा माल रेल्वेने दूरवर गेलेला आहे. तुमच्या गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने हा मार्ग धरावा की ट्रकच बरा, हे ठरवण्यासाठी रेल्वे मालवाहतुकीची मूलभूत माहिती या लेखात दिली आहे.

रेक म्हणजे किती माल?

मालगाडीच्या एका डब्याला वाघीण किंवा वॅगन म्हणतात. एकत्र जोडून एकाच ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या वाघिणींची पूर्ण माळ म्हणजे रेक. धान्य, खत, साखर, कांदा यांसाठी वरून बंद असलेल्या बीसीएन प्रकारच्या वाघिणी वापरतात. त्यांचा रेक साधारण ४२ वाघिणींचा असतो आणि खतासारखा जड माल त्यात अडीच हजार टनांहून जास्त बसतो. नव्या बीसीएनएचएल वाघिणींचा रेक ५८ वाघिणींचा, म्हणजे त्याहून मोठा असतो.

कांद्याचे गणित वेगळे आहे. तो जागा जास्त व्यापतो, वजन कमी भरतो आणि छतापर्यंत ठासून भरला तर आतल्या आत तापतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीच्या किशनगंज स्टेशनला जो रेक गेला, ज्याला वर्तमानपत्रांनी 'कांदा एक्स्प्रेस' म्हटले, त्याच्या ४२ वाघिणींत सुमारे १,६०० टन कांदा होता. म्हणजे वाघिणीमागे ३८ टन. म्हणून चौकशी करताना "एका वाघिणीत किती बसते" एवढेच विचारू नका. "माझ्या मालासाठी कमीत कमी किती वजनाचे भाडे लावणार" हेही विचारा. हलक्या मालाला बऱ्याचदा प्रत्यक्ष वजनावर भाडे न लावता ठरलेल्या किमान वजनावर लावले जाते.

१,६०० टन म्हणजे १६,००० क्विंटल. एवढा कांदा एका गावात एका दिवशी तयार मिळणे कठीण. म्हणून रेक हा एकट्या शेतकऱ्याचा विषय नाही, अनेक गटांनी किंवा कंपन्यांनी मिळून करण्याचा आहे. साधारण २० वाघिणींच्या मिनी रेकची, तसेच एकच रेक दोन ठिकाणी भरण्याची किंवा उतरवण्याची सोय रेल्वेच्या नियमांत आहे. तिच्या अटी आणि दर वेगळे असतात, पण लहान कंपन्यांनी चौकशीची सुरुवात तिथूनच करावी.

लहान मालासाठी पार्सल व्हॅन

नाशवंत फळांसाठी पार्सल व्हॅन जास्त सोयीची. ती प्रवासी डब्याच्या सांगाड्यावर बांधलेली असल्याने जास्त वेगाने धावू शकते आणि प्रवासी गाडीलाही जोडता येते. मोठ्या पार्सल व्हॅनमध्ये सुमारे २३ टन माल मावतो, म्हणजे जवळपास एक मोठा ट्रक.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी देशातली पहिली किसान रेल धावली, ती पार्सल व्हॅन जोडूनच. १,५१९ किलोमीटरचे अंतर सुमारे ३२ तासांत, ठरलेल्या वेळापत्रकाने. वाटेतल्या स्टेशनांवर माल चढवता-उतरवता येत होता आणि किमान वजनाची अट नव्हती. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालीमारला गेली. मध्य रेल्वेची हजारावी फेरी फेब्रुवारी २०२२ मध्ये सावद्याहून दिल्लीच्या आदर्शनगरला केळी घेऊन गेली. मात्र त्या काळात फळे-भाजीपाल्याच्या भाड्यावर केंद्राकडून ५० टक्के अनुदान मिळत होते. तेव्हाचा दर मनात धरून आजचा हिशोब करू नये. आज पूर्ण भाडे किती आणि सवलत असलीच तर कोणती, हे स्टेशनवरून लेखी घ्यावे.

मागणीपासून गाडी सुटेपर्यंत

रेकसाठी आधी मागणी नोंदवावी लागते, तिला इंडेंट म्हणतात. ही नोंदणी रेल्वेच्या एफओआयएस या संगणक प्रणालीवर होते आणि त्यासाठी अनामत भरावी लागते. मागणी नोंदली म्हणजे रेक लगेच मिळतो असे नाही. वाघिणींचे वाटप रेल्वेच्या पसंतीक्रमाने होते आणि सरकारी अन्नधान्य, खत अशा मालाला त्यात पुढचे स्थान असते. त्यामुळे तुमचा माल तयार असूनही रेक येत नाही, किंवा रेक येतो तेव्हा माल गोळा झालेला नसतो. दुसऱ्या प्रकारात अनामतीवर पाणी सोडावे लागू शकते.

रेक मालधक्क्याला लागला की घड्याळ सुरू होते. भरण्यासाठी ठरावीक तास मोफत, त्यानंतर डेमरेज. ५० किलोच्या गोण्या धरल्या तर १,६०० टन म्हणजे ३२,००० गोण्या. समजा दहा तास हातात आहेत, तर तासाला ३,२०० गोण्या वाघिणीत गेल्या पाहिजेत. त्यासाठी हमालांच्या टोळ्या आधी ठरवलेल्या हव्यात, ट्रॅक्टर-ट्रकची रांग लागलेली हवी, धक्क्यावर रात्री दिवे हवेत आणि पावसात झाकायला ताडपत्री हवी. उतरवण्याच्या स्टेशनवरही हेच, फक्त तिथले हमाल तुमच्या ओळखीचे नसतात. उतरवलेला माल धक्क्यावरून वेळेत उचलला नाही तर व्हार्फेज वेगळे लागते.

गाडी सुटल्यानंतरचा वेळ तुमच्या हातात नसतो. साधी मालगाडी वेळापत्रकावर धावत नाही. मागून प्रवासी गाडी आली की ती बाजूच्या लोहमार्गावर थांबते. म्हणून 'किती किलोमीटर' यापेक्षा 'मागचे दोन-तीन रेक प्रत्यक्षात किती तासांत पोहोचले' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर धक्क्यावरच्या जुन्या व्यापाऱ्याकडे हमखास मिळते.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते तेव्हा घर्षण फार कमी होते आणि एक गाडी पन्नासहून अधिक ट्रकांचे काम करते. रेल्वे स्वस्त पडण्याचे मूळ इथे आहे. शिवाय अंतर वाढते तसा दर टन-किलोमीटरला कमी होत जातो. जवळच्या अंतरावर मात्र हा फायदा धक्क्यावरच्या दोन जादा हमाल्या आणि दोन्ही टोकांच्या ट्रकभाड्यात जिरून जातो. नाशिकहून मुंबईला कांदा रेल्वेने पाठवण्यात अर्थ नाही, तो दिल्ली, गुवाहाटी, कोलकात्यासारख्या अंतरावर आहे.

कांदा एक्स्प्रेसच्या वेळी केंद्र सरकारने दिलेले आकडे पाहा. नाशिक ते दिल्ली एका रेकचा वाहतूक खर्च ७० लाख २० हजार रुपये, तेवढाच माल ५६ ट्रकांनी नेला तर ८४ लाख. क्विंटलवर आणले तर रेल्वेने सुमारे ४३९ रुपये आणि ट्रकने ५२५ रुपये. फरक ८६ रुपयांचा. (तो कांदा सरकारी राखीव साठ्यातला होता आणि ग्राहकाला स्वस्त देण्यासाठी चालला होता, हे विसरून चालणार नाही. पण वाहतुकीचा हिशोब कोणाच्याही कांद्याला तोच.)

आता हे ८६ रुपये किती टिकतात ते बघू. डेमरेजची धास्ती सगळ्यांनाच असते. त्याचा मूळ दर वाघिणीमागे तासाला १५० रुपये धरला तर ४२ वाघिणींना तासाला ६,३०० रुपये आणि दहा तासांचे ६३,००० रुपये होतात. कंपनीच्या खात्यातून एकदम जाताना ही रक्कम मोठी वाटते, पण क्विंटलवर ती फक्त चार रुपये आहे. उशीर लांबला तर दर चढत जातो, हे खरे. तरी खरी धोंड दुसरीकडे आहे. कांदा २,००० रुपये क्विंटलचा असेल आणि रेल्वेच्या प्रवासात ट्रकपेक्षा चार टक्के माल जास्त सडला, तर ८० रुपये तिथेच गेले. म्हणजे जवळजवळ सगळी बचत संपली.

दुसरा फटका बाजाराचा. ट्रक रोज पाच-दहा पोहोचतात, रेक पन्नास ट्रकांचा माल एका सकाळी ओततो. तेवढा माल पेलणारी बाजारपेठ नसेल तर भाव क्विंटलला शंभर रुपयांनी पडायला वेळ लागत नाही. माझ्या मते रेक भरण्याआधी निम्म्याहून जास्त मालाचा सौदा झालेला नसेल तर रेकच्या मागे लागू नये.

कोणता माल चढवावा?

बंद वाघिणीत हवा कमी खेळते, म्हणून मान पूर्ण वाळलेला, प्रतवारी केलेला उन्हाळ कांदाच दूरच्या प्रवासाला निवडावा. खरिपाच्या लाल कांद्यात ओलावा जास्त असतो, त्याला ट्रक बरा. भिजलेली गोणी एकही आत जाऊ देऊ नका. थर छतापर्यंत न नेता वर मोकळी जागा ठेवा आणि दारासमोरचा भागही गच्च भरू नका. केळीचे घड पूर्ण भरण्याआधी, साधारण तीन-चतुर्थांश पक्वतेला, हिरवे असतानाच काढावेत. पिकू लागलेली एक फणी इथिलीन वायू सोडते आणि आजूबाजूचे घड वाटेतच पिवळे होतात. खोक्यांत भरलेली केळी सुट्या घडांपेक्षा कमी ठेचाळते, त्यामुळे खोक्यांचा खर्च हिशोबात धरून तुलना करा.

पावती आणि नुकसानीचा दावा

माल चढवल्यावर मिळणारी रेल्वे रसीद, म्हणजे आरआर, हीच मालाच्या ताब्याची चावी. तिच्यावर माल घेणारा म्हणून व्यापाऱ्याचे नाव टाकले तर तिकडे ताबा त्यालाच मिळतो, मग तुमचे पैसे आले असोत वा नसोत. ओळख नसलेल्या व्यापाऱ्याला माल देताना आरआर 'सेल्फ'च्या नावाने घ्यावी, स्टेशनवर आपला माणूस ठेवावा आणि रक्कम किंवा हमी मिळाल्यावरच ती त्याच्या नावे करावी. नाशवंत मालाला फार थांबता येत नाही, म्हणून हे बोलणे गाडी सुटण्याआधीच उरकलेले असावे.

भाड्याचे दोन प्रकार असतात: मालकाच्या जोखमीचा दर आणि रेल्वेच्या जोखमीचा दर. तुम्ही काही सांगितले नाही तर माल मालकाच्या जोखमीवर दिला असे कायद्याने धरले जाते. तसेच रेल्वे कर्मचाऱ्यासमोर गोण्या मोजल्या नाहीत आणि तशी नोंद रसिदीवर झाली, तर किती गोण्या होत्या हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. मोजणी होत असताना हजर राहा, शक्य असल्यास भरलेल्या वाघिणींचे वेळेसह फोटो काढा.

माल कमी किंवा खराब निघाला तर निमूटपणे ताबा घेऊ नका. तपासणी करून नोंदीसह ताबा देण्याची मागणी तिथेच लेखी करा. भरपाईसाठीची नोटीस, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १०६ नुसार, माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. त्यावर समाधान झाले नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. दर, उपलब्ध वाघिणी आणि सवलतींची माहिती स्टेशनचे माल पर्यवेक्षक, तसेच भुसावळ, सोलापूर, नागपूर, पुणे अशा विभागीय कार्यालयांतील व्यवसाय विकास कक्षाकडे मिळते. कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामाच्या दीड-दोन महिने आधी उत्पादक कंपन्यांची आणि या कक्षाची एक बैठक घडवून आणावी. रेक मागण्याची वेळ तीच असते, कांदा खळ्यात पडल्यानंतरची नाही.