अल्मोड्याच्या पाट्यावरची भांगेची चटणी

घरात भांगेची चटणी करतात आणि ती नातवंडांच्या ताटातही वाढतात, असं सांगितलं की आपल्याकडे लोक दचकतात. उत्तराखंडातल्या कुमाऊंत यात दचकण्यासारखं काही नाही. अल्मोडा, बागेश्वर, पिथौरागड या जिल्ह्यांत स्वयंपाकघरातल्या फळीवर भांगेच्या बियांचा डबा असतो, आपल्याकडे जवसाचा किंवा कारळ्याचा असतो तसाच. ही चटणी चढत नाही. झाडाची नशा मादी फुलोऱ्यावरच्या आणि त्याच्या आसपासच्या पानांवरच्या चिकट ग्रंथींमध्ये असते. बीच्या आत असतं ते तेल आणि प्रथिनं.

अल्मोड्याजवळच्या एका गावात मी ज्या घरी उतरले होते, तिथल्या आजींकडे बसून ही चटणी पाहिली, वाटली आणि खाल्ली. आजीला तिकडे आमा म्हणतात. आमांनी बिया सुपात ओतल्या तेव्हा पहिल्यांदा त्या नीट निरखता आल्या. मोहरीहून मोठ्या, धण्याहून लहान, करड्या रंगाच्या आणि कवचावर बारीक जाळीदार नक्षी. पाखडण्यात आमांनी चटणी वाटण्याइतकाच वेळ घातला. काड्या, फोलपटं आणि वाळक्या पानांचा चुरा जाईपर्यंत सूप खाली ठेवलं नाही. मग बिया पाण्यात चोळून धुतल्या आणि फडक्यावर उन्हात पसरल्या. “पत्ता एक भी नहीं रहना चाहिए, चेली,” त्या म्हणाल्या. चेली म्हणजे मुलगी.

त्यांचा हा नेम मला फार मोलाचा वाटतो. नशेचं द्रव्य बीमध्ये तयार होत नाही, पण फुलोऱ्यातला चीक कवचाला बाहेरून चिकटू शकतो. म्हणून तर 2021 साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा बियांसाठी त्या द्रव्याची मर्यादा किलोमागे 5 मिलिग्रॅम ठरवून दिली. आमांना हा आकडा ठाऊक असण्याची गरज नाही. त्यांचं सूप तेच काम करतं.

भाजणं हा या चटणीचा जीव. लोखंडी कढई, तेलाचा थेंब नाही, आच मंद. बराच वेळ काहीच घडत नाही, फक्त वाळल्या गवताचा वास येतो. मग एखादी बी तडकते, पाठोपाठ दुसरी, आणि बघता बघता सगळी कढई तडतडायला लागते. गवताचा वास मागे पडून अक्रोडासारखा तेलकट, खमंग वास सुटतो. करडा रंग तपकिरीकडे झुकला की कढई उतरवायची आणि बिया लगेच थाळीत काढायच्या, कारण तापलेल्या लोखंडात त्या पुढेही भाजत राहतात. जराशा करपल्या तरी चटणी कडू होते आणि मग कितीही लिंबू पिळा, ती सुधारत नाही. त्याच कढईत जिरं आणि दोन लाल मिरच्या फिरवून घेतल्या.

पाटा-वरवंट्याला तिकडे सिलबट्टा म्हणतात. बिया आधी कोरड्याच वाटायच्या. घाईने वरवंटा फिरवला तर त्या सगळीकडे उडतात, म्हणून आमा डाव्या हाताने कड राखत होत्या आणि उजव्या हाताने वरवंटा दाबून पुढे नेत होत्या. कवचं फुटली की मग पाण्याचे शिंतोडे. त्यासरशी बियांतून पांढरट दूध सुटतं आणि वाटण चकाकायला लागतं. त्यानंतर हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडा पुदिना, लसूण, मीठ. कवचाचा थोडा कोंडा राहतोच. काही घरांत तो गाळून टाकतात. मला तो राहिलेला आवडला, दाताखाली येतो तेव्हा चटणीला अंग येतं. मिक्सरमध्येही ही चटणी होते, पण बिया आधी कोरड्या दळल्या तरच. पाणी आधी घातलं तर त्या पात्याभोवती नुसत्या गरगरत राहतात.

शेवटी पहाडी लिंबू. हे आपल्या कागदी लिंबाच्या कितीतरी पट मोठं, जाड सालीचं आणि रसाने गच्च. रस पडताच राखाडी-हिरवी चटणी थोडी उजळते. पहिल्या घासाला आंबट, मग तिखट, आणि मागाहून बियांचा तुपकटपणा जिभेवर पसरतो. सोबत मोहरीच्या तेलात परतलेले उकडलेल्या बटाट्याचे गुटके आणि मडुव्याची रोटी. मडुवा म्हणजे आपली नाचणीच.

थंडीत याच बियांचा एक चटकदार खाऊ होतो: सना हुआ नींबू. दुपारच्या उन्हात बायका अंगणात बसतात, मोठ्या लिंबाच्या फोडी सोलून बिया काढतात. त्यात मुळ्याचे लांबट काप, दही, गूळ किंवा साखर, हिरवी मिरची, आणि भाजलेल्या भांगेच्या बिया मिठाबरोबर वाटून केलेलं मसाल्याचं मीठ. सगळं हातानेच कालवायचं. कुमाऊंतला एकच पदार्थ निवडायला सांगितला तर मी हाच निवडीन. गडेरी म्हणजे अळकुडीच्या भाजीतही बिया वाटून, गाळून त्यांचं दूध घालतात. नारळ नसलेल्या डोंगरात रश्शाला दाटपणा आणायची ही फार शहाणी तऱ्हा आहे.

होळीला किंवा महाशिवरात्रीला पानं घालून करतात त्या भांगेच्या भज्यांची गोष्ट निराळी, आणि ती मी कोणाला सुचवणार नाही. नशेचं द्रव्य तेला-तुपात विरघळतं, पोटातून सावकाश चढतं, कधी तासाने तर कधी दोन तासांनी. काही होत नाही असं समजून माणूस आणखी खातो आणि मग घाबरगुंडी, उलट्या, भ्रम सुरू होतात. कोणत्या भज्यात किती उतरलंय हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया वगळलेल्या आहेत, हे खरं. पण पानांच्या भांगेवर राज्यांचे स्वतःचे निर्बंध असतात.

चटणी मात्र जरूर करून पाहा. बिया खाण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, अन्नपरवान्याचा क्रमांक छापलेल्या पाकिटातल्याच घ्या. भंगजीर नावाने मिळणारं बी वेगळ्या झाडाचं असतं, ते उचलू नका. उरलेल्या बिया हौसेने कुंडीत पेरू नका, कारण विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. उत्तराखंडातही 2018 पासून परवाने मिळतात ते 0.3 टक्क्यांपेक्षा कमी नशाद्रव्य असलेल्या वाणांसाठी. आणि या बियांत तेल भरपूर असल्याने त्या लवकर खवट होतात, तेव्हा थोड्याच आणा, लागतील तेवढ्याच भाजा आणि वाटलेली चटणी त्याच दिवशी संपवा.