बंद ड्राइव्हमधले ५८५ व्होल्ट

मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला ४१५ व्होल्टची थ्री-फेज वीज मिळते. आत तिची डीसी होते, सुमारे ५८५ व्होल्टची. ती सपाट करायला फिल्टर कपॅसिटर असतात. मेन स्विच पाडला तरी ते भरलेलेच. निचऱ्याचा रेझिस्टर त्यांना काही मिनिटांत रिकामे करतो, पण तोच जळालेला असला तर? म्हणून मीटर आधी चालू सप्लायवर पडताळायचा, मग डीसी टर्मिनलवर लावायचा, नंतर पुन्हा सप्लायवर. उरलेला चार्ज योग्य रेझिस्टरमधूनच उतरवायचा. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करणे ही मर्दुमकी नव्हे, डोळ्यांशी खेळ आहे. गंमत म्हणजे रिकाम्या केलेल्या मोठ्या कपॅसिटरवरही थोडे व्होल्टेज पुन्हा चढते, कारण आतल्या डायइलेक्ट्रिकने काही चार्ज धरून ठेवलेला असतो. म्हणून मायक्रोफॅरॅड मोजण्याआधी व्होल्टेज परत एकदा बघायचे.